बुटीबोरीत सीएफओची खुर्ची शोधताना

एकवीस वर्षांचा अनुभव मी पाच पानी बायोडाट्यात बसवला होता आणि त्याचं मला कौतुकही होतं. आईचं वय झालं, त्रिमूर्तीनगरातलं घर बंद पडलेलं, म्हणून पुण्याहून नागपूरला परतायचं आणि इथल्या एखाद्या कंपनीत सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, व्हायचं ठरवलं. फायनान्समधल्या इतक्या जुन्या माणसाला नाही कोण म्हणेल, असं वाटत होतं. जॉब पोर्टलवरून चार महिन्यांत तीन फोन आले. त्यातला एक विमा विकणाऱ्याचा होता.

मग धंतोलीत सीएच्या आर्टिकलशिपच्या (प्रशिक्षणाच्या) वेळचा मित्र प्रॅक्टिस करतो, त्याच्याकडे गेलो. त्यानं पहिलंच पान वाचून चष्मा काढला. "बँकांशी समन्वय, खर्चावर नियंत्रण, टीमचं नेतृत्व... हे तर कोणीही लिहिते बावा. तू केलं काय, ते कुठी आहे?" राग आला, पण त्याच रात्री पाचाची दीड पानं केली. येणी वसूल व्हायचा काळ 110 दिवसांवरून 74 वर कसा आणला, जीएसटीचं अडकलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) पोर्टलवरच्या 2बी विवरणाशी जुळवून कसं सोडवलं, महागडं मुदतकर्ज दुसऱ्या बँकेकडे कसं वळवलं. बाकी सगळं उडवलं.

नागपूरचा बाजार समजून घ्या. वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मॉइलची मुख्यालयं इथेच आहेत, पण तिथल्या डायरेक्टर फायनान्सची निवड पीईएसबीमार्फत, म्हणजे सरकारी कंपन्यांचे संचालक निवडणाऱ्या केंद्राच्या मंडळामार्फत, होते. तो रस्ताच निराळा. आपल्यासारख्यांच्या जागा बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर या नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतींतल्या कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्यांत, थोड्या विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात. त्यांची जाहिरात क्वचितच येते. मालक आधी आपल्या ऑडिटरला विचारतो, नाहीतर बँकेतल्या क्रेडिट मॅनेजरला. त्यामुळे जुन्या ओळखींना फोन करण्यात कमीपणा मानू नका. मी मानला, आणि त्यातच दोन महिने घालवले.

पदाच्या नावावरही अडून बसू नका. कंपनी कायदा 2013च्या कलम 203 नुसार लिस्टेड कंपनीला आणि 10 कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपनीला सीएफओ नेमावाच लागतो. प्रायव्हेट लिमिटेडला ती सक्ती नाही. तिथे तेच काम 'जीएम फायनान्स' या पाटीखाली चालतं. उलट कायद्याचा सीएफओ झालात, तर कसूर झाल्यावर जबाबदार धरल्या जाणाऱ्यांत तुमचंही नाव येतं, हे विसरू नका.

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मुलाखत झाली. बायोडाटा उलटाच पडला होता. शेठजींनी स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल, येणी आणि देण्यांचा बँकेला द्यायचा हिशेब, पुढे सरकवलं. "बँकेची लिमिट दहा कोटीची आहे, मग पगाराच्या दिवशी बोंब काऊन होते?"

कागद पाहिला. स्टॉक 8 कोटी, देणी 4 कोटी, येणी 10 कोटी. येण्यांतली 3 कोटींची रक्कम 90 दिवसांपलीकडची, आणि ती त्यांच्या बँकेच्या हिशेबात धरलीच जात नव्हती. मार्जिन, म्हणजे बँक कर्ज न देता सोडते तो हिस्सा, 25 टक्के. म्हणजे स्टॉकमधून देणी वजा जाता उरले 4, त्याचे 3. येण्यांतले 7, त्याचे सव्वापाच. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, सव्वाआठ कोटी. उरलेले पावणेदोन कोटी फक्त मंजुरीपत्रात. तीच 3 कोटींची रक्कम 90 दिवसांच्या आत असती, तर ड्रॉइंग पॉवर साडेदहा निघाली असती आणि पूर्ण दहा वापरता आले असते. हे मी पेन्सिलीनं त्याच कागदाच्या मागे मांडलं. शेठजींनी मुलाला हाक मारली, "हे पाय." उरलेल्या तासाभरात माझ्या शिक्षणाबद्दल एक प्रश्न आला नाही. तेव्हा मुलाखतीआधी स्टॉक स्टेटमेंट आणि सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे आर्थिक तक्ते) हाताने सोडवायची सवय परत लावून घ्या. वरच्या पदावर गेल्यावर ती सुटते, माझीही सुटली होती.

होकार येण्याआधी तुम्हीही त्यांना तपासा. एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर पाहा: कंपनीच्या मालमत्तेवर कोणाच्या कर्जाचा बोजा आहे, वार्षिक फाइलिंग वेळेवर आहे का, ऑडिटरनं मुदतीआधी राजीनामा दिलाय का. जीएसटी पोर्टलवर कंपनीचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) टाकला की रिटर्न कधी भरलेत तेही दिसतं. पतमानांकन असेल तर एजन्सीचा अहवाल फुकट वाचता येतो. हे सगळं एका संध्याकाळचं काम. एका ठिकाणी तीन वर्षांत तीन ऑडिटर बदललेले दिसले. पगार उत्तम होता, तरी मी तिकडे दुसऱ्यांदा गेलो नाही.

पगाराचं थोडक्यात. पुण्याचा आकडा इथे सांगितला की समोरचा चहा मागवतो आणि विषय बदलतो. मी फिक्स्ड कमी घेतलं आणि वसुलीशी जोडलेला हिस्सा मागितला.

बुटीबोरीचं शेवटी जमलं. नेमणूकपत्रात मला एकच ओळ वाढवून हवी होती: स्टॉक स्टेटमेंट फायनान्सच्या सहीशिवाय बँकेत जाणार नाही. शेठजी हसले. "लिहून पायजे?" म्हणाले, आणि समासात स्वतःच्या हातानं लिहून खाली सही ठोकली.