जॅक रसेल घरात आणताय? आधी त्याच्या नाकाला काम द्या

आमची चिंगी जॅक रसेल जातीची कुत्री, सहा किलोची. मांडीवर मावते, म्हणून घरी येणारा प्रत्येकजण "अगंबाई, खेळणंच आहे!" म्हणतो. तोवर चिंगीने त्याच्या बुटाची नाडी सोडवलेली असते.

जॅक रसेल टेरियर लहान दिसतो, पण तो कामाचा कुत्रा आहे. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी कोल्ह्याच्या शिकारीसाठी ही कुत्री जोपासली. कोल्हा बिळात दडला की मागोमाग आत शिरायचं आणि भुंकून भुंकून त्याला बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. म्हणून छाती मोठ्या माणसाच्या दोन हातांच्या पकडीत मावेल एवढीच, आणि अंग बरंचसं पांढरं, म्हणजे गडबडीत कोल्हा कोणता आणि कुत्रा कोणता हे कळावं. लोक ज्या दोन गोष्टींची तक्रार करतात, उकरणं आणि भुंकणं, त्या खोडी नव्हेत. त्यासाठीच तर ही जात निवडून निवडून वाढवली. ओरडून त्या जात नाहीत. त्यांना वाट काढून द्यावी लागते.

"रोज तासभर चेंडू फेकला की दमेल" हा सल्ला मला पटत नाही. नुसत्या धावण्याने त्याचा दम वाढतो आणि डोकं तापलेलंच राहतं. फिरायला रोज न्याच, पण वाटेत मनसोक्त हुंगू द्या. आणि घरी नाकाचा खेळ हवाच. जुना टॉवेल पसरा, त्याच्या रोजच्या खाण्यातले मूठभर दाणे त्यावर टाका, गुंडाळी करून समोर ठेवा. चिंगी आधी पंजा ठेवून टॉवेल दाबून धरते, मग नाक आत खुपसून फुरफुरत एकेक वेटोळं उलगडते. शेवटचा दाणा गेल्यावरही रिकामा टॉवेल दोनदा तपासते आणि मग आपणहून जाऊन आडवी होते. हे जमलं की गाठ मारा, मग दाणे खोलीभर लपवा. उकरण्यासाठी वाळूचा एक खोका द्या आणि त्यात खेळणी पुरून ठेवा, कुंड्या वाचतात.

भुंकायला लागला की आपणही आवाज चढवू नये. त्याला वाटतं, आपण साथ देतोय. शांतपणे हाक मारा, जवळ आला की खाऊ द्या. हे चिकाटीचं काम आहे, आठवड्यात होत नाही.

घरात मुलं असतील तर नियम मुलांना आधी शिकवा. जेवताना, झोपेत त्याला हात लावायचा नाही. तोंडातली वस्तू ओढायची नाही. दुसरी चांगली वस्तू दाखवून "सोड" म्हणायचं आणि सोडल्यावर ती लगेच द्यायची. गुरगुरला म्हणून रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबून टाकलीत तर पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावेल. अगदी लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडायचं नाही, कितीही गुणी असला तरी. आणि घरात ससा किंवा हॅमस्टर असेल तर मी म्हणेन, ही जात नकोच.

रस्त्यावर पट्टा सोडू नका. खार दिसली की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा, ओढाओढीत गळ्यावर ताण येत नाही.

आता तब्येत. एवढ्याशा जबड्यात दातांवर कीटण लवकर साचतं, तेव्हा कुत्र्यांची पेस्ट घेऊन रोज ब्रश करा, माणसांची नको. बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात, कारण सहा किलोच्या जिवाला खाऊचा जास्तीचा तुकडाही बराच होतो. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा पूर्ण बंद. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालतो आणि पुन्हा नीट चालतो, असं दिसलं तर गंमत समजून सोडू नका. गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. छोट्या जातींत हे नेहमी आढळतं. मोबाइलवर तेवढाच व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांच्या टेबलावर हे लोक हमखास ठणठणीत चालून दाखवतात.