सिलियांचे (पेशींवरच्या हलणाऱ्या सूक्ष्म केसांचे) ठोके मोजण्यासाठी नाकातला नमुना घेताना

सर्दी बरी झाल्यावर किमान ४ आठवडे थांबा. सुजलेल्या अस्तरावर निरोगी सिलियाही विस्कळीत हलतात. सायटॉलॉजी ब्रश (पेशी गोळा करायचा बारीक ब्रश) खालच्या टर्बिनेटवर, म्हणजे नाकातल्या अस्तराने झाकलेल्या हाडाच्या उंचवट्यावर फिरवून लगेच मीडियम १९९ मध्ये, म्हणजे पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात हलवा. ग्लुटाराल्डिहाइड (पेशी आहे त्या स्थितीत गोठवणारं रसायन) इथे चालत नाही, त्यात पेशी मरतात. ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा नमुन्याची नळी गाडीत ठेवूच नका. मोजणी ३७ अंशांवरच करा, थंड स्लाइडवर ठोके मंदावतात.

एकेएपी-१४ जनुकाचं प्रथिन प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम सिलियांमध्ये जागेवर धरून ठेवतं. सीएएमपी (पेशीतला निरोप पोचवणारा रेणू) वाढलं की हे एन्झाइम कामाला लागतं आणि ठोके वाढतात. साल्ब्युटामॉलच्या (दम्यावरच्या औषधाच्या) पंपाने सीएएमपी वाढतं, म्हणून शेवटचा पंप कधी घेतला ते पेशंटला विचारून फॉर्मवर लिहाच.