इटलीत लेकीकडे गेल्यावर बाहेर कसं जेवायचं

मुलीकडे किंवा भाच्याकडे मिलानला, तोरिनोला राहायला गेलं की पहिले काही दिवस घरचा कुकरच चालतो. मग एखाद्या शनिवारी ठरतं, आज बाहेर जेवू. संध्याकाळी साडेसहाला सगळे आवरून बसतात आणि इथेच गणित चुकतं, कारण त्या वेळी इटलीतल्या बहुतेक रेस्टॉरंटचं शटरसुद्धा उघडलेलं नसतं.

आधी घड्याळ

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. दोननंतर आत शिरलात तर स्वयंपाकघर बंद झाल्याचं ऐकावं लागण्याची शक्यता मोठी. रात्रीचं जेवण उत्तरेत साडेसातला सुरू होतं. दक्षिणेत नापोली किंवा सिसिलीत साडेआठच्या आधी गेलात तर हॉलमध्ये तुम्ही एकटेच असाल. मधल्या वेळेत पोट भरायला बार, तुकड्यांनी पिझ्झा विकणारी दुकानं आणि रोस्तिचेरिया म्हणजे तयार पदार्थांची दुकानं एवढंच उरतं. दिवसभर जेवण मिळेल असं सांगणारी ठिकाणं बहुतेक पर्यटकांच्या चौकांत असतात. तिथे भाव जास्त आणि चव बेताची.

घरात मधुमेहाची औषधं घेणारं कुणी असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास थोडं खाऊनच निघा. टेबलावर बसल्यापासून पहिली डिश यायला अर्धा तास सहज लागतो. जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे भारतातून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवलेलं बरं.

बहुतेक रेस्टॉरंटचा आठवड्यातून एक सुट्टीचा दिवस असतो, बऱ्याच ठिकाणी सोमवार. 15 ऑगस्टच्या आगेमागे तर मालक आठवडा-दोन आठवडे कुलूप लावून गावी जातात. म्हणून चारपेक्षा जास्त माणसं असतील, किंवा शुक्रवार-शनिवारची रात्र अथवा रविवारची दुपार असेल, तर फोन करून टेबल राखून ठेवा: "वोर्रेई प्रेनोतारे उन तावोलो पेर सेई, साबातो सेरा आल्ले ओत्तो." म्हणजे शनिवारी रात्री आठला सहाजणांसाठी टेबल हवं. गर्दीच्या ठिकाणी दोन पाळ्या असतात, साधारण साडेसातची आणि साडेनऊची. पहिल्या पाळीचं टेबल मिळालं तर साडेनऊला उठावं लागेल, हे फोनवरच कळतं. बाबागाडी, व्हीलचेअर किंवा लहान मुलाची उंच खुर्ची हेही तेव्हाच सांगा. जुन्या इमारतींत स्वच्छतागृह पुष्कळदा तळघरात असतं आणि जिना अरुंद असतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही चौकशी मेनूपेक्षा महत्त्वाची.

पाटीवर काय लिहिलंय

आपण 'हॉटेलात जेवायला जाऊ' म्हणतो. इटलीत होटेल म्हणजे फक्त मुक्कामाची जागा. आणि 'बार' ही पाटी बघून आजोबांनी दचकू नये. बार म्हणजे तिथलं अमृततुल्य. सकाळी उभ्या-उभ्या कॉफी आणि गोड कोर्नेत्तो, दुपारी सँडविच, संध्याकाळी हवं तर काही प्यायला. काउंटरवर कॉफी साधारण सव्वा-दीड युरोला मिळते. तीच खुर्चीवर बसून घेतली तर दुप्पट, आणि प्रसिद्ध चौकात चौपटही. स्टेशनांवर आणि हायवेवर आधी गल्ल्यावर पैसे भरायचे आणि पावती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची.

नात्यातल्या मंडळींबरोबर निवांत जेवायला त्रात्तोरिया, ओस्तेरिया (दोन्ही साध्या खाणावळी) किंवा पिझ्झेरिया बघा. पहिल्या दोहोंतला फरक आता नावापुरताच उरलाय. मेनू छोटा, हाताने लिहिलेला आणि एकाच भाषेत असेल तर आत शिरायला हरकत नाही. सहा भाषांतला, पदार्थांचे फोटो असलेला मेनू दिसला आणि दारात कुणी हाका मारत असेल तर पुढे चला. कामाच्या दिवशी दुपारी बऱ्याच ठिकाणी ठरलेलं ताट असतं. पास्ता, त्यामागून एक पदार्थ, पाणी आणि कॉफी मिळून बारा-पंधरा युरोत काम होतं. घरची मंडळी ऑफिसला गेली असतील तेव्हा आई-बाबांसाठी याहून सोयीचं काही नाही.

मागवायचं कसं

मेनूचे भाग असे: आंतिपास्तो (सुरुवातीचं), प्रिमो (पास्ता, रिसोत्तो म्हणजे मऊसर भात, सूप), सेकोंदो (मांस-मासे), कोंतोर्नो (भाजी किंवा सॅलड), दोल्चे (गोड). सगळं मागवायची सक्ती नाही. माणशी एक मुख्य पदार्थ आणि मध्ये एखादं आंतिपास्तो, एवढं पुरतं. मात्र चौघांत एकच पास्ता मागवला तर वेटरचा चेहरा पडेल. पिझ्झाही माणशी एक अशीच कल्पना आहे. वाटून खायचा असेल तर दोघांत एक मागवा आणि "उन प्यात्तो इन प्यू" म्हणून जास्तीची प्लेट मागा.

आपल्या ताटात सगळं एकदम येतं, तिथे एकामागून एक. शाकाहारी माणसाची पंचाईत इथेच होते. बाकीचे पास्ता खात असतात आणि ज्याने फक्त परतलेली भाजी मागवली तो रिकाम्या प्लेटसमोर बसलेला असतो, कारण कोंतोर्नो सेकोंदोबरोबर येतो. मागवतानाच "तुत्तो इन्सिएमे" म्हणजे सगळं एकत्र आणा, असं सांगा. सेकोंदोही बहुधा एकटाच येतो. मासा मागवला तर प्लेटमध्ये मासा, फार तर लिंबाची फोड. बटाटे-भाजी वेगळी मागायची, तिचे पैसेही वेगळे.

किमतीपुढे 'एत्तो' शब्द दिसला तर थांबा. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. मासा 6 युरो एत्तो लिहिला असेल आणि वजन 700 ग्रॅम भरलं तर तो 42 युरोचा झाला. आधी वजन विचारा. पदार्थाच्या नावापुढची चांदणी म्हणजे तो किंवा त्यातला काही भाग फ्रीझरमधला आहे.

शाकाहारी असाल तर

"सोनो वेजेतारियाना" (पुरुष असेल तर वेजेतारियानो) एवढ्यावर थांबू नका. 'मांस नको' म्हटलं की काहीजण फक्त मोठा तुकडा वगळतात आणि चवीपुरते डुकराच्या मांसाचे चौकोनी तुकडे टाकतात. म्हणून नावं घेऊन सांगा: "निएन्ते कार्ने, निएन्ते प्रोशुत्तो, निएन्ते पेशे." मांस नको, हॅम नको, मासे नकोत. मग एक प्रश्न विचारा: "चे ब्रोदो दी कार्ने?" यात मांसाचं पाणी आहे का? रिसोत्तो आणि सूपसाठी हा प्रश्न हवाच. मिलानच्या पिवळ्याधमक केशरी रिसोत्तोत परंपरेने गाईच्या हाडातली मज्जा पडते, वरून काहीच दिसत नाही. पावट्या-राजम्यासारख्या दाण्यांच्या पास्तातही डुकराचं मांस घालतात.

सगळ्यात फसवी आहेत रोममधली भोपळ्याच्या फुलांची भजी. दिसायला अगदी आपली. आत मोझ्झारेल्लाबरोबर खारवलेला छोटा मासा भरलेला असतो. भाताचे तळलेले गोळे, रोमचे सुप्प्ली काय नि सिसिलीचे आरांचिने काय, खिम्याच्या रश्शाचे निघू शकतात. उत्तरेतल्या रोमान्या भागातल्या पियादिना पोळीत डुकराची चरबी घालतात. तेलातली हवी असेल तर "आल्लोल्यो" म्हणा. गोडात पान्ना कोत्ता बहुधा जिलेटिनवर सेट केलेली असते आणि तिरामिसूत कच्चं अंडं असतं.

पिझ्झ्याच्या यादीत 'पेपेरोनी' दिसलं तर घाबरू नका, ती ढोबळी मिरची आहे. मांस असतं ते 'दियावोला'वर. 'कॅप्रिचोझा' आणि 'क्वात्त्रो स्ताजोनी'वर हॅम येतं, 'नापोली'वर खारवलेला मासा. 'ओर्तोलाना' भाज्यांचा. 'मारिनारा'चा अर्थ दर्यावर्दी, पण त्यात समुद्रातलं काही नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजसुद्धा नाही.

चीजचा मुद्दा कडक शाकाहाऱ्यांनी घर सोडण्याआधीच सोडवावा. पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही चीज प्राण्याच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने) जमवतात. पेस्तोत (बेसिलच्या पानांची चटणी) आणि काचो ए पेपेत (चीज-मिऱ्याचा पास्ता) हीच असतात. चालत नसतील तर "सेन्झा फोर्माज्जो" म्हणा आणि पास्ता आल्यो-ओल्यो-पेपेरोंचिनो मागवा. लसूण, ऑलिव्ह तेल, लाल मिरची. आपल्या फोडणीचंच भावंड. आर्राब्याता म्हणजे टोमॅटो-मिरचीचा पास्ताही चालेल, तोही तिखट असतो. अंडं नको असेल तर ताजा पास्ता टाळा, विशेषतः ताल्यातेल्ले आणि राविओली. वाळवलेले स्पागेत्ती, पेन्ने साधारणपणे फक्त गव्हाचा रवा आणि पाणी यांचे असतात.

डाळीच्या पिठाची आठवण येत असेल तर जेनोवाला फारिनाता शोधा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेला पोळा. पालेर्मोत त्याच पिठाच्या तळलेल्या वड्या, पानेल्ले, पावात घालून मिळतात. पावात मासा किंवा मांस नाही ना, एवढं विचारून घ्या. रोममधली लसूण-मिरचीवर परतलेली चिकोरिया तर पालेभाजीच, भाकरी तेवढी नाही.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी "सेन्झा आल्यो ए सेन्झा चिपोल्ला". साधा पास्ता तेल-चीजवर नक्की मिळेल, तयार टोमॅटो सॉसमधून मात्र कांदा काढता येत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर वेगळंच बोला. शेंगदाणे, दूध, गहू धरून चौदा घटकांची माहिती देणं युरोपीय नियमानुसार रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे, मागितली की यादी दाखवतात.

टेबलावर

पाणी विकतच येतं. 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिझ्झांते' म्हणजे बुडबुड्यांचं. नुसतं पाणी म्हटलंत तर कोणतं हा प्रश्न येणारच. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पण बरीच ठिकाणं ते देत नाहीत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाइन घेणारे असतील तर घरची वाइन पाव किंवा अर्ध्या लिटरच्या सुरईत मागता येते.

पाव आल्या-आल्या संपवू नका, तो सॉस पुसून खायला असतो. त्रात्तोरियात हे चालतं. पास्ता सुरीने कापू नये, पिझ्झा मात्र सुरीने किंवा हाताने, दोन्ही चालतं. नापोलीचा पिझ्झा मध्यभागी ओलसर असतो, तो कच्चा नाही. फार तिखट आवडणाऱ्यांनी पिझ्झ्याबरोबर "ओल्यो पिक्कांते" मागावं. पर्समधला ठेचा बाहेर काढायचा असेल तर निदान मालक बघत नसताना. माशाच्या पास्तावर चीज मागितलंत तर नकार ऐकायची तयारी ठेवा.

जेवणानंतर कॉफी म्हणजे छोटी, कडक. कापुच्चिनो सकाळची. रात्री मागितला तर देतील, फक्त भुवई वर जाईल. 'लात्ते' मागितलंत तर दूधच येईल. चहा मागितला तर गरम पाणी, पुडी आणि लिंबू येतं. दूध हवं असेल तर "कोन लात्ते" आवर्जून म्हणा, नाहीतर लिंबावर दूध ओतायची वेळ येते.

बिल

मागितल्याशिवाय बिल येत नाही. तासभर रिकाम्या कपांसमोर बसलात तरी कुणी उठवणार नाही, आणि 'सेवा ढिली आहे' असं वाटण्याचं खरं कारण हेच. "इल कोंतो, पेर फावोरे." बिलावर पहिली ओळ बहुधा 'कोपेर्तो' असते. माणशी दीड ते तीन युरो, टेबल आणि पावाचे. हा आकडा मेनूवर छापलेला असायला हवा. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे तिथे 2006 च्या कायद्याने कोपेर्तो लावता येत नाही, तिथे 'पाने' म्हणून पावाचे पैसे लावतात. पाव नको असेल तर टोपली लगेच परत करा.

चौघांचा हिशेब साधारण असा बसतो: कोपेर्तो अडीच युरोप्रमाणे 10, पाण्याच्या दोन बाटल्या 6, वाटून एक आंतिपास्तो 10, चार पास्ता 48, दोन भाज्या 10, दोन गोड 12, चार कॉफी 6. एकूण 102 युरो. मिलानच्या मध्यवस्तीत याहून जास्त, दक्षिणेतल्या गावात कमी. टिप देणं बंधनकारक नाही. आवडलं तर एक-दोन नाणी ठेवावीत. 'सेर्वित्स्यो' म्हणून टक्केवारी आधीच लावली असेल तर तीही नको. कार्ड न घेणाऱ्याला 2022 पासून दंड आहे, तरी वीसेक युरो रोख जवळ असू द्या.

सून किंवा जावई इटालियन असेल आणि त्यांचे आई-वडीलही बरोबर असतील, तर पैसे कोण देणार हे आदल्या दिवशीच मुलांकरवी ठरवा. त्यांनी बोलावलं असेल तर तेच देतात. वाढदिवस असेल तर ज्याचा वाढदिवस तो. मित्रमंडळींत 'आल्ला रोमाना' म्हणजे सगळ्यांत सारखी वाटणी, आणि मग नुसता मारिनारा खाणाऱ्याच्या वाट्यालाही शेजाऱ्याच्या बीफचे पैसे येतात. तुम्हालाच द्यायचे असतील तर सोपी युक्ती आहे. बऱ्याच त्रात्तोरियांत पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर भरतात. गोड संपत आलं की हात धुवायला म्हणून उठा आणि टेबलाचा नंबर सांगून भरून या. टेबलावर 'मी देतो, मी देतो' सुरू होण्याआधी काम झालेलं असतं.

उरलेला पिझ्झा खोक्यात सहज बांधून देतात: "मे लो पुओ इन्कार्तारे?" पास्त्याबद्दल विचारलं तर थोडं बिचकतील, पण देतील. सकाळी तव्यावर थोड्या तेलात परतून घ्या, मायक्रोवेव्हमध्ये त्याचा लगदा होतो.