बर्ड फ्लूच्या दिवसांत प्रवास करायचा आहे? तिकिटाआधी कार्यक्रम तपासा

बर्ड फ्लूची बातमी आली की पहिली धास्ती विमानाची वाटते. शेजारच्या सीटवर कोण बसेल, मास्क लावावा का, तिकीट रद्द केलं तर पैसे किती कापतील? कोविडने लावलेली ही सवय आहे. पण या आजाराची वाट वेगळी. तो माणसाकडून माणसाला सहजासहजी होत नाही. तो येतो आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांकडून, त्यांच्या विष्ठेतून आणि लाळेतून. त्यामुळे विमानात कोण बसलंय यापेक्षा उतरल्यावर तुम्ही कुठे जाणार आहात, हे महत्त्वाचं. बहुतेक वेळा तिकीट रद्द करावं लागत नाही, कार्यक्रमातल्या एक-दोन गोष्टी गाळल्या की काम भागतं.

पायरी १ : बातमी नीट वाचा

‘साथ पसरली’ या दोन शब्दांवर थांबू नका. आधी पाहा, साथ पक्ष्यांमध्ये आहे की माणसांमध्ये? लाखो कोंबड्या मारल्याची बातमी भयंकर वाटते, पण तो रोग आटोक्यात आणण्याचा उपाय असतो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू माणसांत पहिल्यांदा आढळला. १८ जण आजारी पडले, ६ दगावले, आणि मग शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारण्यात आल्या. त्यानंतर ती साखळी तुटली.

माणसांत रुग्ण सापडले असतील, तर त्यांचा पक्ष्यांशी किंवा जनावरांशी संबंध आला होता का, ते शोधा. बातमीत हा तपशील बहुधा खालच्या परिच्छेदात असतो, आणि खरं उत्तर तिथेच असतं. २००३ पासून जगभरात एच५एन१चे ९००हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. आकडा धडकी भरवणारा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात बहुतांश लोक पक्ष्यांच्या निकट संपर्कात आलेले होते, आणि सौम्य लक्षणं असलेले कित्येक जण तपासणीपर्यंत पोचतच नाहीत. अमेरिकेत २०२४ मध्ये हा विषाणू दुभत्या गायींमध्ये शिरला. तिथे बाधित झालेल्यांमध्ये गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारे मजूरच जास्त होते, आणि अनेकांचा त्रास डोळे लाल होण्यापलीकडे गेला नाही.

‘माणसाकडून माणसाला सतत संसर्ग होत आहे’ असं जागतिक आरोग्य संघटनेने किंवा त्या देशाच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं, तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि त्यांच्या ताज्या सूचना पाळा. व्हॉट्सअॅपवर फिरणारे मेलेल्या पक्ष्यांचे फोटो कुठले, कधीचे, याचा पत्ता नसतो. त्यांच्या भरवशावर ना जायचं ठरवा, ना राहायचं.

पायरी २ : कार्यक्रमातून काय गाळायचं

यादीत सर्वांत वर जिवंत पक्ष्यांचा बाजार. पर्यटकांना तिथलं रंगीबेरंगी दृश्य आवडतं, पण पिंजऱ्यावर पिंजरे रचलेले, खाली विष्ठा, बाजूला कापाकापी, हवेत पिसं आणि धूळ, अशी ती जागा असते. विषाणूला याहून सोयीची जागा मिळायची नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये एच७एन९ हा बर्ड फ्लूचा दुसरा विषाणू आला, तेव्हा शांघायसारख्या शहरांनी असे बाजार बंद केले आणि रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. बाजार बघायचाच असेल तर भाज्यांचा, कपड्यांचा बघा.

त्यानंतर कोंबड्या-बदकांचे फार्म, गोठ्यात जाऊन गायी पिळण्याचे ‘अनुभव’, आणि तळ्याकाठी बदकांना, चौकात कबुतरांना हातावर दाणे भरवणं. मुलांना हे शेवटचं फार आवडतं, म्हणून त्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. तिथे पोचल्यावर रडारड नको.

पक्षीनिरीक्षण सोडायची गरज नाही. दुर्बीण असतेच लांबून बघायला. मात्र पाणथळ जागेत चिखल आणि विष्ठा बुटांना चिकटते. थंड, ओल्या जागी हा विषाणू विष्ठेत बराच काळ तग धरतो. रोज परतल्यावर तळवे ब्रशने घासून धुवा. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही २०२४च्या फेब्रुवारीत हा विषाणू सापडला, म्हणजे माणूस विरळ असलेली जागा सुरक्षित हा हिशेब इथे चालत नाही.

पायरी ३ : निघण्याआधी

नेहमीच्या फ्लूची लस प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. ती बर्ड फ्लू रोखत नाही, पण दोन्ही विषाणू एकाच शरीरात एकाच वेळी असण्याची शक्यता कमी करते. दोघांची सरमिसळ होऊन नवा विषाणू निपजणं ही शास्त्रज्ञांची खरी चिंता आहे.

बॅगेत थर्मामीटर, साबण, ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर आणि दोन-चार मास्क पुरेत. विषाणूविरोधी गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

प्रवास विमा काढला असेल तर त्यातल्या वगळलेल्या बाबी वाचाच. केवळ भीतीपोटी सहल रद्द केली तर भरपाई मिळतेच असं नाही, आणि विमा काढण्याआधीच जाहीर झालेली साथ बऱ्याचदा वगळलेली असते.

पायरी ४ : खाणं

चिकन आणि अंडी सोडून द्यायची गरज नाही, कच्ची मात्र खाऊ नका. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजलं की विषाणू मरतो. मांस आतून गुलाबी राहू नये, बलक वाहता राहू नये. दूध पाश्चराइज्ड किंवा उकळलेलं.

पायरी ५ : मेलेला पक्षी दिसला तर

हात लावू नका, पायाने सरकवू नका, जवळ जाऊन फोटोही नको. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर हॉटेलला किंवा स्थानिक प्रशासनाला कळवा. चुकून स्पर्श झालाच, तर तोंडा-डोळ्यांकडे हात नेण्याआधी साबणाने नीट धुवा, कपडे बदला, आणि तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवा. ती पुढे लागेल.

पायरी ६ : परतल्यावर

कच्चं मांस, अंडी, पिसं, घरटी सोबत आणू नका. बरेच देश ती जप्त करतात, आणि ते योग्यच आहे.

पक्ष्यांशी संपर्क आला असेल तर त्या दिवसापासून दहा दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा. ताप, खोकला, घसा दुखणं, अंगदुखी, धाप लागणं यांबरोबर डोळे लाल होणं हेही लक्षण समजा. काही जाणवलं तर घरच्यांपासून वेगळे राहा आणि दवाखान्यात थेट जाऊन बसण्याऐवजी आधी फोन करा. पहिलं वाक्य ‘मला ताप आहे’ नको. ‘अमुक तारखेला अमुक ठिकाणी पक्ष्यांजवळ गेलो होतो आणि आता ताप आहे’ असं सांगा. हे कळल्याशिवाय डॉक्टरच्या मनात बर्ड फ्लू येणारच नाही, आणि ऑसेल्टामिविरसारखं विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वाधिक उपयोगी पडतं.

घरी कोंबड्या, बदकं किंवा मांजर असेल, तर प्रवासातले बूट धुऊन होईपर्यंत त्यांच्या वाटेत ठेवू नका. मांजरांनाही हा आजार होतो, आणि ती त्यातून वाचतीलच असं नाही.