एच. पायलोरीच्या उपचारात या चुका टाळा

जठरातल्या एच. पायलोरी या जिवाणूचं नाव १९९४ सालीच कर्करोगाला कारणीभूत घटकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्या गटात गेलं. तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पेशंट विचारतात, "म्हणजे साधी ॲसिडिटीच ना?" आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती उरकून टाकण्याची घाई. एक गृहस्थ आठवतात. वडील जठराच्या कर्करोगाने गेले, म्हणून स्वतःहून तपासणीला आले होते. जिवाणू सापडला, चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण झाला. पण आठवडाभरातच, आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी चालू असतानाच, त्यांनी परस्पर ब्रीद टेस्ट (श्वासातून जिवाणू ओळखणारी तपासणी) करून घेतली. निगेटिव्ह! घरात आनंदीआनंद. पुढे पोट पुन्हा दुखायला लागलं, एंडोस्कोपी झाली आणि बायोप्सीत तोच जिवाणू निघाला. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी तो मरत नाही, नुसता दबतो, आणि टेस्टला दिसत नाही. म्हणून अँटिबायोटिक आणि त्यासोबत दिलं जाणारं बिस्मथ हे औषध संपून किमान चार आठवडे, तर या आम्लाच्या गोळ्या बंद करून दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. मी तर औषधं लिहून होताच त्याच कागदावर पुढच्या टेस्टची तारीख घालते. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी जळजळ थांबली म्हणून कोर्स सोडणारेही खूप. जळजळ थांबते आम्ल कमी झाल्यामुळे, जिवाणू जिवंतच असतो. अर्धवट औषधातून वाचलेल्या जिवाणूंवर पुढच्या वेळी तीच गोळी बऱ्याचदा चालत नाही. जुनी चिठ्ठी दाखवून तीच औषधं पुन्हा घेणं मला अजिबात पटत नाही.

बरं झालं का हे पाहायला रक्तातली अँटिबॉडी तपासू नका, ती जिवाणू गेल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते.

बिस्मथने शौच काळी होते, त्यासाठी औषध थांबवू नका. पण डांबरासारखी चिकट शौच, नकळत घटणारं वजन, गिळताना अडकणं किंवा रक्त कमी होणं असेल तर थेट एंडोस्कोपी.

जिवाणू गेल्याने कर्करोगाचा धोका घटतो, शून्य होत नाही. बायोप्सीत 'ॲट्रॉफी' (जठराचं अस्तर झिजणं) किंवा 'इंटेस्टायनल मेटाप्लेशिया' (ते अस्तर आतड्यासारखं होणं) लिहिलं असेल तर पुढची एंडोस्कोपी कधी, हे डॉक्टरांना विचारूनच उठा. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल तर त्रास नसतानाही तपासणी करून घ्या.