सभेचा जमाखर्च टीव्हीवर दाखवायचा असेल तर

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे कोल्हापुरात पावसाचेच दिवस. झेरॉक्स वाटण्यापेक्षा हॉलमधल्या टीव्हीवर, वायर न लावता जमाखर्च दाखवणं सोयीचं. फक्त आदल्या संध्याकाळी त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवर एकदा चालवून बघा. घरी चाललं म्हणून तिथं चालेलच असं नाही.

टीव्हीत मिराकास्ट (लॅपटॉपची स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर दाखवण्याची सोय) असेल तर त्यावर स्क्रीन मिररिंग उघडा आणि विंडोज लॅपटॉपवर विंडोज व के ही बटणं एकत्र दाबा. टीव्हीचं नाव दिसलं की निवडा. यात जोडणी बहुधा थेट होते, हॉलमध्ये इंटरनेट नसलं तरी अडत नाही. लॅपटॉपचं वायफाय तेवढं चालू ठेवा. क्रोमकास्ट, म्हणजे गूगलची अशीच सोय, असेल तर क्रोमच्या मेनूतून कास्ट करा. इथं मात्र लॅपटॉप आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. गेस्ट म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वायफायवर टीव्ही सहसा सापडतच नाही, कारण तिथं एका उपकरणाला दुसरं दिसू देत नाहीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित जोडणी) असेल तर तेही बंद करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिराकास्ट जोडल्यावर विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' (दोन्हीकडे तेच) नको, 'एक्स्टेंड' (टीव्ही म्हणजे वेगळी दुसरी स्क्रीन) निवडा. मग एक्सेलची खिडकी तेवढी टीव्हीकडे सरकवा. विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण दाबलं की ती उडी मारून तिकडं जाते. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप आणि सभासदांचे फोन नंबर तुमच्यापुरतेच राहतात. क्रोमकास्टवाल्यांनी पीडीएफ क्रोममध्ये उघडून फक्त तो टॅब कास्ट करावा. कुणाच्या घरचं आजारपण सांगणारा मेसेज पन्नास जणांसमोर टीव्हीवर झळकणं फार वाईट. ही काळजी घ्यायलाच हवी. सोबत मेसेजच्या सूचना थांबवणारं डू नॉट डिस्टर्बही लावा.

शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत बसून आकडे वाचून बघा. झूम १५० टक्के केलं तरी ताळेबंदाचे रकाने बारीकच दिसतात, म्हणून एका वेळी एकच भाग दाखवा. स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा. चार्जर घ्या. आणि वायरशिवाय जमलंच नाही तर लॅपटॉप टीव्हीला जोडायला पिशवीत एक लांब एचडीएमआय केबल असू द्या. लॅपटॉपला फक्त टाइप-सी असेल तर त्याचा अ‍ॅडॉप्टरही, आणि तोही आदल्या दिवशीच लावून बघा.