लाद्यांखाली हीटिंग केबल घालण्यापूर्वीची तयारी

लाद्यांखाली अंथरलेली हीटिंग केबल एकदा चिकटमालात गाडली गेली की पुन्हा दिसत नाही, आणि पुढे तिच्यात दोष निघाला तर निदान त्या जागेची फरशी उखडावीच लागते. म्हणून या कामातली खरी काळजी पहिली लादी बसण्याआधी घ्यावयाची असते.

सुरुवात कागदापासून करावी. खोलीचा प्रमाणबद्ध नकाशा काढून त्यावर जागचे न हलणारे सर्व काही दाखवावे: कमोड, बेसिनखालचे कपाट, टब, भिंतीतली कपाटे. यांच्याखाली केबल घालू नये, कारण तिथली उष्णता वर निघून जाऊ शकत नाही आणि केबल प्रमाणाबाहेर तापते. भिंतींपासून पाच ते दहा सेंटिमीटर आणि कमोडच्या बुडापासून त्याहून थोडे अधिक अंतर मोकळे ठेवावे. एवढे वजा केल्यावर जे क्षेत्र उरते तेच तापवावयाचे क्षेत्र, आणि ते अंदाजापेक्षा बरेच कमी भरते. आमच्या न्हाणीघरासाठी मी संपूर्ण खोलीच्या मापाने मॅट, म्हणजे जाळीवर आधीच बसवलेली हीटिंग केबल, मागवली होती. ती परत करून लहान मॅट घ्यावी लागली. मॅट या क्षेत्राइतकी किंवा किंचित कमी असावी, जास्त कधीही नसावी. जाळी कापून मॅट वळवता येते, पण केबल कापता येत नाही: लांबी घटली की तिचा विद्युतरोध (पुढे नुसता रोध) घटतो, प्रवाह वाढतो आणि उरलेली केबल जळते. केबलचे पदर एकमेकांना स्पर्श करणार नाहीत किंवा एकमेकांवरून जाणार नाहीत, आणि फरशीला फुगायला वाव देणारा प्रसरणसांधा केबल ओलांडणार नाही, हेही नकाशावरच पाहून घ्यावे.

याच टप्प्यावर एक निर्णय स्पष्ट असावा: केवळ पायांना ऊब हवी आहे की खोलीच तापवावयाची आहे. न्हाणीघरासाठी साधारणपणे दर चौरस मीटरला १५० वॅटची मॅट वापरली जाते. चार चौरस मीटरला ती ६०० वॅट घेते, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे २.६ अँपिअर, आणि चार तास अखंड चालली तरी २.४ युनिट. बाहेरच्या भिंती व खिडक्या मोठ्या असतील तर खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब आधी करावा. पुष्कळदा एकट्या फरशीच्या बळावर ती भरून निघत नाही.

विजेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. स्वतंत्र सर्किट, पक्के अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी गळतीवर वीज आपोआप तोडणारा आरसीसीबी हा स्विच यांत तडजोड नको. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान नियंत्रकाच्या, डब्यापासून जमिनीपर्यंत भिंतीत दोन पाइप सोडावेत, एक केबलच्या न तापणाऱ्या टोकासाठी आणि दुसरा फरशीचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरसाठी. सेन्सर केबलच्या दोन पदरांच्या बरोबर मध्ये यावा, त्याच्या पाइपचे जमिनीतले तोंड चिकटमाल शिरू नये म्हणून बंद करावे, आणि वळणातून सेन्सर सहज आत-बाहेर सरकतो का हे लाद्या बसण्याआधी एकदा करून पाहावे. केबलपेक्षा सेन्सर आधी बिघडण्याची शक्यता अधिक. तो ओढून बदलता आला तर फरशीला हात लावावा लागत नाही.

जुना कोबा पोकळ वाजतो का, त्याला भेगा आहेत का, तो समतल आहे का, हे तपासून तो धूळमुक्त करावा. खाली थेट जमिनीवरचा काँक्रीटचा थर असेल तर त्यावर उष्णतारोधक फलक बसवल्याशिवाय केबल घालू नये, नाहीतर उष्णतेचा मोठा भाग खाली जातो आणि फरशी तापायला फार वेळ लागतो. फलकाने उंची मात्र वाढते. १० मिलिमीटरचा फलक, त्याखालचा चिकटमाल ३, केबल झाकणारा समतलकाचा (ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या मालाचा) थर १० आणि वरची लादी चिकटमालासह १५ धरली तर एकूण ३८ मिलिमीटर होतात. तेव्हा दार उघडेल का, उंबरठ्याशी पायरी पडेल का आणि पाण्याचा उतार टिकेल का, हे आधीच मोजावे.

सर्वांत जास्त आग्रह मी मोजणीबद्दल धरीन. मॅट खोक्यातून काढताच, ती अंथरल्यावर, समतलक ओतल्यावर आणि लाद्या बसल्यावर, अशी चार वेळा मल्टिमीटरने रोध मोजून तारखेसह लिहून ठेवावा. वरच्या उदाहरणातील ६०० वॅटच्या मॅटचा रोध सुमारे ८८ ओहम यावा. खरी तुलना मात्र मॅटच्या लेबलावरील आकड्याशी आणि निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी करावी. मोजताना दोन्ही टोके बोटांनी धरू नयेत. आतली तार आणि अर्थिंगचे वेष्टण यांमधील रोध मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन आवरण तपासणाऱ्या उपकरणाने, तपासावा, कारण मल्टिमीटर अगदी कमी व्होल्टेज देतो आणि आवरणाला पडलेला बारीक चरा त्याला दिसेलच असे नाही. गुंडाळलेल्या मॅटला चाचणीसाठीसुद्धा वीज जोडू नये.

गवंड्याशी काम सुरू होण्याआधी सविस्तर बोलावे. त्याची दातेरी थापी प्लास्टिकची असावी, ये-जा करण्यासाठी फळ्या टाकलेल्या असाव्यात, आणि बादल्या किंवा लाद्यांचे ढीग केबलवर ठेवले जाऊ नयेत. ग्राउटिंगपूर्वी सांध्यांतला वाळलेला चिकटमाल पात्याने खरवडण्याची सवय केबलला सर्वांत घातक. माल ओला असतानाच सांधे पुसून घ्यावेत. चिकटमाल लवचीक, तापणाऱ्या फरशीसाठी चालतो असे पिशवीवर लिहिलेला घ्यावा आणि लादीखाली पोकळी राहू देऊ नये. तापत्या आणि न तापणाऱ्या केबलचा कारखान्यातला जोड भिंतीच्या पाइपात न जाता लादीखालच्या मालातच पूर्ण गाडला जायला हवा. ओल्या जागी वॉटरप्रूफिंगचा थर कुठे येणार, हेही याच वेळी ठरवावे.

केबल झाकण्याआधी मोजपट्टी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. दाराचा स्टॉपर किंवा कमोडचे बोल्ट बसवण्यासाठी उद्या कोणी ड्रिल घेऊन आला तर तीच उपयोगी पडतील. लाद्या बसल्यावर चिकटमालाच्या आणि समतलकाच्या पिशव्यांवर लिहिलेली मुदत पूर्ण होईपर्यंत वीज सुरू करू नये. घाईने तापवलेला माल वाळतो, पण घट्ट होत नाही. मुदतीनंतरही तापमान काही दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावे. वीज कोणत्या तारखेनंतर सुरू करावयाची ते कागदावर लिहून तो कागद एमसीबीच्या बंद खटक्यावरच चिकटवावा.